प्रकल्प नोंदी: धाकट्याची खोली

३० जून २०२४, रविवार (दिवस +१२)

आजपासून वही सुरू करते. कारखान्यात अकरा वर्षं क्वालिटीत काढली. तारीख, काय केलं, काय मोजलं, काय चुकलं, हे लिहून ठेवल्याशिवाय मला कामाची पकड येत नाही.

धाकट्या भावाला १८ जूनला माझ्या पेशी चढवल्या. तो दिवस शून्य. तिथून पुढे डॉक्टर अधिक एक, अधिक दोन असं मोजतात. मीही तसंच मोजणार.

मागचं एकदाच लिहून ठेवते. जानेवारीत बार्शीला त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पायांवर जांभळे ठिपके उठले, ताप हटेना. सोलापूरला तपासण्या झाल्या, रक्ताचा कर्करोग निघाला, एएमएल. केमोने आजार आटोक्यात आला, पण नुसत्या केमोवर तो परत उलटण्याची भीती होती, म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपण. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मी जुळले. मज्जेतल्या पेशी रक्तात उतराव्यात म्हणून पाच दिवस इंजेक्शनं घेतली तेव्हा कंबर आणि मांड्यांची हाडं आतून कुटल्यासारखी दुखत होती. मग चार तास यंत्राला जोडून पडले. ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या की नर्स कॅल्शियम द्यायची. शेवटी जी पिशवी भरली तिच्यात टोमॅटोच्या सारासारखं काहीतरी होतं. वाडगाभरसुद्धा नाही.

आज न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५४०. काल ३१० होते. सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या असं धरतात. म्हणजे त्याच्या घरी येण्याची तयारी आता हातात घ्यायला हवी. पहिले शंभर दिवस रुग्णालयापासून तासाभराच्या आत राहायचं आहे, त्यामुळे बार्शी नाही, चिंचवडला आमच्याकडेच.

मागची खोली त्याला देणार. खोली पाहून आले. दोन मोठे दोष. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ओल आहे आणि खाली कोपऱ्यात काळे ठिपके. बाहेरच्या सज्जावर कबुतरांची विष्ठा साठलेली. हे दोन्ही त्याच्यासाठी विष आहे.

२ जुलै, मंगळवार (+१४)

प्लंबर आला. फरशी नव्हे, नळाचा भिंतीतला सांधाच गळत होता. भिंत फोडली, सांधा बदलला, गिलावा खरवडून काढला. ही धूळ आत्ताच उडायला हवी, तो आल्यावर एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय: ओल्या भिंतीची आणि जुन्या चुन्याची धूळ म्हणजे बुरशीचे बीजाणू. निरोगी माणूस ते रोज श्वासातून घेतो आणि त्याला कळतही नाही, धाकट्याच्या फुप्फुसात तेच मूळ धरतील. अ‍ॅस्परजिलस हे नाव मी इथे लिहून ठेवते, कारण पावसाळ्यात पुण्यात मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच आहे.

सज्जा साबणाच्या पाण्याने भिजवून मग खरवडला, कोरडा झाडायचा नाही. जाळी बसवली. खिडक्यांना डासांच्या जाळ्याही. शहरात झिकाचे रुग्ण सापडतायत, डेंगी तर दरवर्षीचाच. गॅलरीतल्या कुंड्या खालच्या काकूंकडे गेल्या. तुळसही गेली. ती देताना जीव हलला, पण माती ती मातीच.

बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा लावून पाहिला तर धूर. कॉइल जळाली. नवा आणला.

धाकट्याला फोनवर सांगितलं. घशात फोड असल्यामुळे तो फार बोलत नाही. एवढंच म्हणाला, “ताई, जुना टाकू नको.” त्याचं बार्शीला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मोसमात पाण्याच्या मोटारी रांगेने पडलेल्या असतात.

१० जुलै, बुधवार (+२२)

आला. दुपारी साडेतीनला. वजन ५१ किलो, जाताना ६४ होतं. दाराशी चपला काढायला वाकला आणि तसाच भिंतीला टेकून उभा राहिला. भावजयीने हात धरला. मी पुढे झाले नाही. मला तेव्हा काय झालं ते कळलं नाही, मी मास्क नीट करत उभी राहिले.

गोळ्या दिवसाला सतरा. सायक्लोस्पोरिन, म्हणजे माझ्या पेशींना आवरून धरणारं औषध, सकाळी आठ आणि रात्री आठ, मिनिटाचाही फरक नको. बुरशीची, नागिणीची, न्यूमोनियाची प्रतिबंधक औषधं वेगळी, मॅग्नेशियम वेगळं. सायक्लोस्पोरिनचा पत्रा फाडला की एक उग्र वास येतो, आंबलेल्या दारूसारखा. तो वास आला की तो तोंड फिरवतो आणि मग तरीही गिळतो.

स्वयंपाकाचे नियम फ्रिजवर लावलेत. सगळं ताजं, कुकरला शिजवलेलं, दोन तासांच्या आत संपवायचं. पाणी उकळून गार केलेलं. कोथिंबीर वरून घालायची नाही, उकळत्या आमटीत घालायची. लोणचं, कच्ची कोशिंबीर, बाहेरचं काहीही बंद. दही डॉक्टर सांगतील तेव्हा.

आज मुगाची आमटी आणि मऊ भात. चार घास. “पत्रा चघळल्यासारखं लागतंय,” म्हणाला.

११ ते १९ जुलै

वजन ५१, ५०.६, ५०.८, ५१.२. ताप नाही. हाताला कंप आहे. सायक्लोस्पोरिनने होतो, डोस उतरला की जातो, असं सांगितलंय. कप बशीवर ठेवताना वाजतो. तो कप ठेवतो आणि स्वतःच्या बोटांकडे बघत बसतो. केसाएवढी तांब्याची तार ज्याने आयुष्यभर गुंडाळली, त्याला त्या बोटांचं काय वाटत असेल हे मी विचारलं नाही.

२० जुलै, शनिवार (+३२)

बार्शीहून आत्या आली. न कळवता. आषाढीला भगवंताच्या देवळात रांगेत उभी राहिली होती, त्याच्यासाठी प्रसाद आणि बुक्का घेऊन थेट एसटीने. मी तिला दाराच्या आत घेतलं नाही.

हे लिहिताना अजून हात जड होतोय. बाहत्तर वर्षांची बाई, पाय सुजलेले, एसटीत शेजारी कोण खोकत होतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, “आत्या, त्याच्या अंगात आत्ता तान्ह्या बाळाएवढीसुद्धा ताकद नाही. त्याला लहानपणी टोचलेल्या लशीसुद्धा पुसल्या गेल्यात.” तिने ऐकून घेतलं. जिन्यातच खुर्ची दिली, चहा दिला. धाकटा गॅलरीत येऊन उभा राहिला, ती खाली जाऊन रस्त्यावरून त्याच्याकडे पाहत राहिली. तिने बुक्का स्वतःच्याच कपाळाला लावला आणि वर हात केला. प्रसाद आमच्या मुलांना देऊन गेली.

२१ जुलै, रविवार (+३३)

सकाळी तळहात दाखवले. मेंदी काढून धुतल्यासारखे लाल. तळपायही तसेच. कान तापलेले. पाठीवर बारीक पुरळ, दाबलं की क्षणभर फिकं पडतं. त्याच्याच तळहाताने मोजलं: एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. सव्वीस भरले. फोटो काढून पाठवले. उद्या पहिल्या नंबरला बोलावलंय.

२२ जुलै, सोमवार (+३४)

ग्राफ्ट व्हर्सस होस्ट. दात्याच्या पेशी रुग्णाचं शरीर परकं समजून त्याच्यावर चालून जातात. दाता म्हणजे मी.

प्रत्यारोपणाआधी सही घेतानाच हे सांगितलं होतं. बाईच्या पेशी पुरुषाला दिल्या, त्यातही बाळंतपणं झालेल्या बाईच्या, तर हा धोका थोडा वाढतो, हेही सांगितलं होतं. गरोदरपणात बाईचं रक्त दुसऱ्या जिवाला ओळखायला शिकलेलं असतं. माझी दोन बाळंतपणं. कागदावर वाचलं तेव्हा तो एक मुद्दा होता. आज त्याची पाठ पाहिली.

डॉक्टर सावकाश बोलणारे आहेत. त्यांनी मला बाजूला बसवून समजावलं की ज्या पेशी त्याच्या कातडीवर उठल्यात, त्याच पेशी लपून राहिलेल्या कर्करोगाच्या पेशीही हुडकून मारतात. दुसऱ्याची मज्जा देण्यामागे निम्मी भिस्त त्यावरच असते. नको आहे ते अति. जुलाब किंवा कावीळ नाही, म्हणजे आतडं आणि यकृत वाचलंय. सध्या अंगाला स्टिरॉइडचं मलम, आणि पसरलं तर गोळ्या.

परतताना रिक्षात मी गप्प होते. तो म्हणाला, “ताई, तुझ्या पेशी आल्या नसत्या तर आज खाज यायला मी तरी कुठे असतो?” मग डोळे मिटून घेतले. त्याचा लाल तळहात माझ्या ओढणीवर उलटा पडला होता. घरापर्यंत मी तो तसाच राहू दिला.

२५ जुलै, गुरुवार (+३७)

चूक माझी. पूर्ण लिहिते.

रात्रभर पाऊस. पहाटे बातम्यांत सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलेलं, खडकवासल्यातून विसर्ग. इकडे पवनाही फुगलेली. रुग्णालयात पोचायचंच होतं, कारण आज सायक्लोस्पोरिनची पातळी तपासायची होती आणि पुरळ पोटावर उतरलं होतं. रस्ते बंद होतील म्हणून घाई केली. त्या घाईत आठला नेहमीप्रमाणे कॅप्सूल हातावर ठेवली. त्याने घेतली.

पातळीसाठी रक्त नेहमी डोसच्या आधी, मागच्या डोसला बारा तास झाल्यावर द्यायचं असतं. डोसनंतर दिलं तर आकडा खोटा चढलेला दिसतो, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून डोस कमी केला तर माझ्या पेशी आणखी मोकाट सुटतात. नर्सने विचारलं, “सकाळची घेतली नाही ना?” तेव्हा माझ्या लक्षात आलं. खरं सांगितलं. तपासणी उद्यावर गेली. पुन्हा त्याच पाण्यातून यायचं.

दुरुस्ती: तपासणीच्या आदल्या रात्री सकाळच्या कप्प्याला लाल रबर बँड. तो रुग्णालयातच काढायचा, रक्त दिल्यावर. भावजयीला आणि त्यालाही सांगून ठेवलं, म्हणजे तिघांपैकी एकाच्या तरी ध्यानात राहील.

पुरळ निम्म्या अंगावर. आजपासून वायसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या, वजनाच्या किलोला एक मिलिग्रॅम.

२६ जुलै ते ४ ऑगस्ट

पातळी बरोबर आली. पुरळ पाचव्या दिवशी मावळायला लागलं, आता कातडी सापाच्या कातेसारखी निघतेय. स्टिरॉइडने साखर २८०, ग्लुकोमीटर आणला, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. चेहरा गोल झालाय. भूक मात्र परत आली. रात्री दोनला उठून भावजयीकडे शेंगांची चटणी मागितली. आमच्याकडची, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. देता आली नाही.

५ ऑगस्ट, सोमवार (+४८)

रात्री ११.४०. ताप १००.६. नियम ठरलेला आहे: १००.४ च्या वर गेला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, निघायचं. सव्वाबाराला तातडीच्या विभागात पोचलो.

तिथे जे झालं ते लिहिते, म्हणजे पुन्हा होणार नाही. खिडकीवरच्या मुलाने “ताप? बसा,” म्हणून सांगितलं. बाकावर चाळीस मिनिटं, दोन्ही बाजूंना खोकणारी माणसं. मी दोनदा उठून प्रत्यारोपण म्हणून सांगितलं. त्याला त्या शब्दाचं वजनच माहीत नव्हतं. आमच्या विभागाच्या रात्रपाळीच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन लावला तेव्हा कुठे हालचाल झाली. अशा रुग्णाला ताप आला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. आमचा दीड तास गेला.

९ ऑगस्ट, शुक्रवार (+५२)

घरी. दंडातल्या नळीला संसर्ग होता. नळी काढून टाकली, ताप उतरला. डॉक्टरांकडून लेटरहेडवर चार ओळी लिहून घेतल्या: कधीचं प्रत्यारोपण, कोणती औषधं चालू, ताप असल्यास वेगळं बसवा आणि ताबडतोब कुणाला कळवा. रक्त किंवा प्लेटलेट लागल्या तर किरणांची प्रक्रिया केलेल्याच द्याव्यात, हेही. तीन प्रती लॅमिनेट केल्या. एक त्याच्या खिशात, एक भावजयीच्या पर्समध्ये, एक गाडीत. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी हे काम पहिल्या दिवशी करावं. मी अठ्ठेचाळिसाव्या दिवसापर्यंत थांबले.

१९ ऑगस्ट (+६२)

राखी बांधली. रेशमाचा साधा दोरा. मास्क लावूनच.

२ सप्टेंबर, सोमवार (+७६)

धाकट्याची मुलगी पोळ्याच्या सुट्टीत येणार होती. सहा वर्षांची आहे, बार्शीला आजीपाशी. तिच्या वर्गात कांजिण्या निघाल्या. तिला अजून काही नाही, पण फोड उठायच्या आधीच लागण होते, म्हणून तीन आठवडे पुढे ढकललं. भावजयीने स्वतःच फोन करून नको म्हणून सांगितलं आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ आत राहिली. दोन महिने ही बाई धाकट्याच्या उशाशी जमिनीवर झोपतेय. या वहीत सगळीकडे मी केलं, मी मोजलं असं आलंय. रात्रीचं सगळं तिने केलंय.

७ सप्टेंबर (+८१)

गणपती यंदा शेजारी बसवले, आरती जिन्यातून. स्टिरॉइड उतरतं चालू. इन्सुलिन बंद. दही चालेल म्हणाले, घरी लावलेलं नको, पाश्चराइज्ड दुधाचं पाकिटातलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार (+१००)

कंबरेतून मज्जा काढून तपासली. कर्करोगाच्या पेशी नाहीत. कायमेरिझम, म्हणजे त्याच्या रक्तात दात्याच्या पेशी किती, तर १०० टक्के. आता त्याच्या रक्तातल्या पेशींत बाईची गुणसूत्रं आहेत, एक्स एक्स. गालाच्या आतली, कातडीची, हाडाची त्याचीच.

बाहेर बसलो असताना डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं की भारतातलं पहिलं असं प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं, तीही एएमएलच होती. नऊ वर्षांची मुलगी, आणि दाता तिचा भाऊ. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. त्या बहिणीला किती नवखी माणसं हाताळत होती, एकाही घरात अशी वही नव्हती. तिच्या आईने पाणी कुठल्या पातेल्यात उकळलं असेल?

संध्याकाळी मुलगी आली. दारात थांबली. बापाचं डोकं बारीक केसांनी भरलंय, चेहरा गोल, कपाळ सावळं झालेलं. तिने आधी आईकडे बघितलं. मग स्वतःहून बेसिनकडे गेली, साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत, आजीने शिकवलं होतं तसे. मग जवळ गेली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार (+१२२)

रक्तगट तपासला. ओ पॉझिटिव्ह. तो जन्माचा बी पॉझिटिव्ह. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणजे त्याच्या स्वतःच्या होत्या त्या शेवटच्याही संपल्या. लायसन्सवर, दुकानाच्या ओळखपत्रावर, सगळीकडे बी आहे. आधी खिशातलं लॅमिनेट केलेलं पत्र नवीन करून घेतलं, कारण खरी गरज पडली तर लोक तेच वाचतील.

वजन ५७.४. कंप जवळजवळ गेला. सायक्लोस्पोरिन आता हळूहळू उतरवतील.

शेंगांची चटणी: शेंगदाणे मी स्वतः निवडले, एकही काळा-सुरकुतलेला ठेवला नाही, खरपूस भाजले, तिखट-लसूण तेलात परतून त्यातच फिरवले. डॉक्टरांना विचारून. ज्वारीच्या भाकरीवर घेतली. पहिला घास खाल्ल्यावर म्हणाला, “मीठ कमी आहे.” चव परत आली.

३ नोव्हेंबर, रविवार (+१३८). भाऊबीज

सकाळी ओवाळलं. मग त्याने माळ्यावरचा जळका एक्झॉस्ट पंखा मागितला.

भावजयीने आणि मी मिळून तो आधी ओल्या फडक्याने पुसला. धूळ उडू नये म्हणून जळकी तार मी गॅलरीत, दार लावून कापून काढली. तार, लेदरॉईड कागद आणि साचा त्याच्या दुकानातल्या पोराने बार्शीहून पाठवले होते. खिडकीजवळ टेबलावर पांढरी चादर अंथरून तो बसला. मास्क, हातमोजे. हातमोज्यांतून तार कळेना म्हणून ते काढले, आणि मी बोलले नाही.

एका कॉइलला चारशे चाळीस आटे. तो मनात मोजतो, ओठ हलतात. मुलगी शेजारी बसून शंभरापर्यंत बोटं धरायची आणि वहीत एक रेघ ओढायची. दुसऱ्या कॉइलला तार एकदा तुटली. त्याने हात मांडीवर ठेवले, दोन-तीन मिनिटं तसाच बसला, मग टोकं खरवडून पीळ दिला, डाग दिला आणि पुढे चालू केलं. दुपारी साडेतीनपर्यंत चारही कॉइल स्लॉटमध्ये बसल्या होत्या. वार्निशच्या वाफा त्याला चालणार नाहीत. ते मी गॅलरीत लावलं, तो बंद काचेमागून कुठे कमी पडलंय ते बोटाने दाखवत होता.

रात्रभर वाळू देणार. उद्या सिरीज बल्ब लावून चाचणी.

पुढची कामं: १२ नोव्हेंबरला पातळी, रबर बँड आदल्या रात्री. डिसेंबरपासून लशी पहिल्यापासून, लहान बाळाच्या वेळापत्रकासारख्या. गोवर-गालगुंडाची जिवंत लस दोन वर्षांनी. बार्शीच्या घराची ओल बघायला मी पुढच्या शनिवारी जाऊन येते. दुकानातलं वार्निशचं काम पोराकडे.